हवा काढून झाली, तरी ब्रेक मऊच: एका सीजे ३बी जीपचं प्रकरण

गाडी महिंद्राची सीजे ३बी, सत्तरच्या दशकातली. उंच बॉनेटमुळे लांबूनच ओळखू येणारी. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ ते १९६८ या काळात निघालं आणि बंद झालं. आपल्याकडे महिंद्राने परवान्यावर ते पुढेही कितीतरी वर्षं चालू ठेवलं, म्हणून डोंगराळ भागातल्या गावांत अशा जीपा अजूनही कामावर दिसतात. ही जीप वाईकडची. मालकांचं शेत पाचगणीच्या वरच्या अंगाला. स्ट्रॉबेरीच्या हंगामात खोकी भरून पसरणी घाट उतरायचा आणि रिकाम्या गाडीने परत वर चढायचं, हे तिचं नेमाचं काम.

तक्रार एका वाक्याची होती: "एअर कितीदा काढली, पण ब्रेक मऊच लागतो." एअर काढणं, म्हणजेच ब्लीडिंग: ब्रेकच्या ऑइलमध्ये अडकलेली हवा चाकाजवळच्या निप्पलमधून बाहेर सोडणं. पहिल्या दमात पेडल जवळजवळ फ्लोअरला टेकायचं. दोनतीनदा पटापट मारलं की वर यायचं आणि गाडी थांबायची. सपाटीला हे चालून जातं. भरल्या गाडीने घाट उतरताना प्रत्येक वळणाआधी पेडल पंप करत बसायचं म्हणजे जिवाशी खेळ.

गाडीचा इतिहास विचारला तो असा. पावसाळ्यानंतर पुढचे ब्रेक घासल्यासारखा आवाज यायला लागला, म्हणून एका गॅरेजात चारही चाकांना नवे लायनर मारले (लायनर म्हणजे ब्रेकच्या शूवरचा, चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासणारा थर). पुढच्या ड्रमना खोल चरे पडले होते, ते लेथवर खरडून साफ केले. चाकातले शू बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरना नवं रबर किट, पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरला नवं किट, लवचीक होज पाइपही नवे. म्हणजे कागदावर पाहिलं तर ब्रेकमधलं जुनं असं फारसं काही उरलंच नव्हतं. गाडी बाहेर आली ती मऊ पेडल घेऊनच. मग एअर काढणं सुरू झालं. गॅरेजवाल्याने काढली, मालकांच्या मुलाने काढली, शेजारच्या ट्रॅक्टर मिस्त्रीने काढली. ब्रेक ऑइलच्या बाटल्या संपत गेल्या, पेडल होतं तिथेच राहिलं.

अशी गाडी आली की आपल्याकडे पहिलं काय होतं, तर कोणीतरी निप्पलला पाना लावून पुन्हा एअर काढायला बसतं. हे मला पटत नाही. ब्लीडिंगने फक्त हवा जाते. पेडल खाली जायला हवेखेरीज किमान चारपाच कारणं असू शकतात, आणि त्यातल्या एकावरही ब्लीडिंगचा उपाय चालत नाही. उलट जुन्या मास्टरवर पेडल पुन्हापुन्हा तळापर्यंत मारलं, तर पिस्टनचा रबरी वॉशर सिलिंडरच्या अशा भागात जातो जिथे तो रोजच्या वापरात कधीच पोचत नाही. तिथे गंज असतो, बारीक खड्डे असतात. वॉशरची कड तिथे फाटते आणि हवा काढता काढता मास्टर निकामी होतो. ब्लीड करताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा तो एवढ्यासाठी.

आधी पेडल मोजलं

मऊ ब्रेक हा शब्द लोक तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. पेडल खूप खाली जाऊन मग घट्ट लागतं, ही एक. पेडल कुठेही घट्टच लागत नाही, पायाखाली दबत राहतं आणि पाय सैल केला की उसळतं, ही दुसरी. आणि पेडल घट्ट लागतं, पण पाय तसाच दाबून धरला तर हळूहळू खाली बसत जातं, ही तिसरी. पहिलीत दोष बहुधा शू आणि ड्रममधल्या जादा अंतराचा असतो. दुसरीत लाइनमध्ये हवा असते, नाहीतर कुठेतरी काहीतरी लवत असतं. तिसरीत मास्टरचा वॉशर आतल्या आत ऑइल सोडत असतो, किंवा बाहेर कुठेतरी गळती असते. एकाच गाडीत यातल्या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस चक्रावतो, आणि इथे तसंच झालेलं होतं.

पट्टी घेऊन मोजलं. न दाबलेलं पेडल फ्लोअरपासून १४५ मिमीवर. पहिल्या दमात दाबल्यावर उरलेलं अंतर ३५ मिमी. पंप केल्यावर ८० मिमी, पण तिथेही पेडल ठाम नव्हतं, पायाला लवचीक लागत होतं. त्यावर पूर्ण जोर देऊन मिनिटभर पाय धरून ठेवला, तर ते खाली बसलं नाही. म्हणजे तिसरा प्रकार बाद. मास्टर ऑइल धरून होता आणि बाहेर गळती नव्हती. चाकांच्या आतल्या बाजूंना, होजच्या सांध्यांना बोट फिरवून पाहिलं, सगळं कोरडं.

पंप केल्यावर पेडल वर का येतं, हे नीट समजून घेतलेलं बरं. पहिल्या दमात मास्टरने ढकललेलं ऑइल व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर सारण्यातच खर्च होतं. पाय झटकन उचलला की मास्टरचा पिस्टन लगेच मागे येतो, पण शूच्या स्प्रिंगा ऑइल तेवढ्या वेगाने परत ढकलू शकत नाहीत. मधली तूट टाकीतलं ऑइल वॉशरच्या कडेवरून पुढे येऊन भरून काढतं. दुसरा दम त्या वाढीव ऑइलवर बसतो, म्हणून वर लागतो. लाइनमध्ये हवा असेल तरी पंप केल्यावर पेडल थोडं वर येतं, पण मऊपणा जात नाही. तेव्हा ३५ वरून ८० वर येणारं पेडल जादा अंतराकडे बोट दाखवत होतं आणि ८० वरची लवचीकता दुसऱ्याच कशाकडे.

मास्टरचं झाकण उघडल्यावर

या जीपचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चेसिसच्या अंगाला बसतो. ऑइल घालायचं तर फ्लोअरवरची पत्र्याची झाकणी काढून हात आत घालावा लागतो. गावातल्या जीपमध्ये त्या झाकणीवर शेतातली माती, भुसा, सगळं साचलेलं असतं, आणि टोपी उघडली की त्यातलं थोडं मास्टरमध्ये पडतंच. म्हणून आधी तो सगळा भाग ब्रशने झाडून, फडक्याने पुसून घेतला. टोपीचं हवेचं बारीक भोक चिखलाने बुजलं होतं, ते तारेने मोकळं केलं.

टोपी काढून बॅटरीच्या उजेडात आत पाहायचं आणि गॅरेजमधल्या पोराला पेडल अगदी थोडं दाबायला सांगायचं. मास्टर नीट बसलेला असेल तर सुरुवातीच्या हालचालीत टाकीच्या तळातल्या बारीक भोकातून ऑइलची छोटी कारंजी उडते. पिस्टन मागे पूर्ण विसावलेला आहे आणि भोक मोकळं आहे, याची ती खूण. इथे ऑइल हललंही नाही. भोक वॉशरने झाकलेलंच होतं.

पुशरॉड, म्हणजे पेडल आणि मास्टरचा पिस्टन यांना जोडणारा दांडा, पाहिला तेव्हा कारण कळलं. पेडल वर यावं म्हणून कोणीतरी रॉडचा नट फिरवून तो लांब करून ठेवला होता. जीपच्या पेडलला जवळपास अर्धा इंच, म्हणजे १३ मिमीच्या आसपास, मोकळी चाल लागते. इथे ती शून्य होती. हा जुगाड वरवर कामाचा वाटतो, कारण पेडल तेवढं वर दिसतं. पण ते भोक बंद राहिलं की चाकाकडचं ऑइल तापून फुगल्यावर त्याला टाकीत परतायला वाट राहत नाही. शू ड्रमला चिकटून राहतात, त्याने आणखी उष्णता होते, ऑइल आणखी फुगतं. मालकांना विचारलं, "काका, घाट चढून गेल्यावर पुढची चाकं तापतात का?" म्हणाले, "तापतात म्हणजे? हात लावता येत नाही. मला वाटलं, नवे लायनर बसतायत."

चढावर ब्रेक न मारताही चाक तापत असेल, तर त्याचा लायनर बसण्याशी काही संबंध नसतो. त्यातून आतलं ऑइल डॉट ३ दर्जाचं. ताजं असताना ते २०५ अंशांना उकळतं, पण हवेतला ओलावा शोषत गेलं की हाच आकडा १४० अंशांवर येतो. पावसाळाभर टोपी उघडमीट झालेल्या जीपमध्ये कोणता आकडा धरायचा, ते सांगायला नको. ऑइल उकळलं की वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते.

रॉड मागे घेऊन १३ मिमी चाल दिली. कारंजी उडायला लागली. आणि पेडल, अपेक्षेप्रमाणे, आणखी खाली गेलं. मालकांचा चेहरा पडला. "आधी निदान थोडा तरी लागत होता, आता तर पार खाली गेला की हो!" त्यांची नाराजी रास्त होती, पण खरं पेडल आत्ता कुठे समोर आलं होतं.

होज आवळून शोध

सीजे ३बीच्या ब्रेकला लाइन एकच. मास्टरमधून निघून ती पुढे आणि मागे जाते. चेसिसवरून पुढच्या अॅक्सलवर येताना एक होज, तिथून पुढच्या दोन चाकांना एकेक होज, आणि मागच्या अॅक्सलसाठी एक होज. त्यामुळे दोन ठिकाणी होज आवळला की मास्टर चारही चाकांपासून वेगळा करता येतो. साध्या पकडीने होज आवळायचा नाही, आतला थर चिरतो. गोल तोंडाचा होज क्लॅम्प वापरायचा, नसेल तर पकडीच्या दोन्ही जबड्यांवर रबरी नळीचे तुकडे चढवायचे. जुना कडक झालेला होज असेल तर हा प्रयोग करूच नये. इथे होज नवे होते, म्हणून करता आला.

पुढचा आणि मागचा, दोन्ही मुख्य होज आवळले. पेडल एकदम वर आलं, पण दगडासारखं घट्ट नाही, किंचित उसळत होतं. म्हणजे मास्टर किंवा त्याच्या लगतच्या भागात थोडी हवा आहे. मागचा होज सोडला, पेडल थोडं खाली. पुढचा सोडला आणि पेडल धाडकन खाली गेलं. मोठा दोष पुढे, हे इथे ठरलं.

मास्टरजवळची हवा कुठे असेल, याचा अंदाज होता. या जीपचा स्टॉपलाइटचा स्विच हायड्रॉलिक असतो, ऑइलच्या दाबाने लागणारा. तो बसतो ती जागा म्हणजे आंधळी बोळ. ऑइल तिथून पुढे कुठेच वाहत नाही, त्यामुळे चाकाच्या निप्पलमधून बाटलीभर ऑइल काढलं तरी तिथला बुडबुडा जागचा हलत नाही. खाली फडकं धरून, पोराला पेडल हलकं दाबून धरायला लावून, स्विच अर्धा आटा सैल केला. फुस्स करून फेस आला, मग सलग ऑइल. पाय न सोडता स्विच आवळला. दोन्ही होज पुन्हा आवळून पाहिलं, आता पेडल ठाम.

मग एकदा रीतसर ब्लीडिंग केलं. मास्टरपासून लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. निप्पलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक ऑइलमध्ये बुडालेलं. पेडल सावकाश दाबायचं, निप्पल पाव आटा उघडायचं, पेडल ठोकळ्याला टेकायच्या आत बंद करायचं आणि मगच पाय उचलायचा. "दाब... धर... सोड" ही लय एकदा जमली की काम चटकन होतं. घाईघाईने पंप केलं तर ऑइलचा फेस होतो आणि मोठ्या बुडबुड्याचे शंभर बारीक होतात, ते मग तासभर निघत नाहीत. मागच्या एका चाकातून थोडी हवा आली, पुढच्या दोन्ही चाकांतून जवळजवळ काहीच नाही. टाकीतलं ऑइल खाली जाऊ न देणं हे सगळ्यांत महत्त्वाचं, आणि या जीपची टाकी एवढीशी आहे की एक माणूस फक्त तिथेच बसवावा.

हवा गेली. पेडल थोडं सुधारलं. पण पुढचा होज मोकळा असताना खालीच, आणि पंप केल्यावर लवचीकच. हवा काढणारे सगळे इथेच येऊन अडकले होते.

हवा नाही, मग लवतंय काय?

पुढच्या चाकांच्या बॅकप्लेटमागे, म्हणजे ब्रेकचे भाग ज्यावर बसतात त्या पत्र्यामागे, सेटिंगचे नट असतात. नट फिरवला की आतला कॅम, म्हणजे एका बाजूला फुगीर चकती, शूला ड्रमकडे ढकलतो. दोन्ही पुढची चाकं जॅकवर उचलून चारही कॅम इतके फिरवले की चाकं हाताने फिरेनात. ही फक्त चाचणी, सेटिंग नव्हे. पेडल बरंच वर आलं. म्हणजे जादा अंतराचा हिशेब जुळला. गॅरेजमध्ये लायनर बदलल्यावर कॅम नीट सेट केलेच नव्हते. अनेकांचा समज असतो की हँडब्रेक दोनचारदा ओढला की मागचे शू आपोआप जवळ येतात. या जीपला तोही मार्ग नाही. तिचा हँडब्रेक चाकांवर काम करतच नाही, तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या ड्रमवर, प्रोपेलर शाफ्टवर असतो. चाकांचे ब्रेक हातानेच सेट करावे लागतात.

पण शू ड्रमला टेकवूनही पेडलचा लवचीकपणा राहिला. हे महत्त्वाचं होतं. पोराला पेडल दाबत ठेवायला सांगून दोन्ही चाकांचे होज मुठीत धरून पाहिले. कमकुवत होज दाबाखाली फुगतो आणि ते हाताला कळतं. इथे काहीच जाणवलं नाही. मग त्या दोन्ही होजना क्लॅम्प लावला, लवचीकपणा गेला. म्हणजे दोष होजच्या पलीकडे, व्हील सिलिंडर आणि शू यांच्यात. सिलिंडरमध्ये हवा नाही, निप्पल सगळ्यांत वरच्या जागी आहे. उरला शू.

ड्रम काढले. ओल्या फडक्याने धूळ पुसून घेतली. ब्रेकच्या ड्रममध्ये कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही; लायनरच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तो छातीत जातो. लायनर नवेकोरे दिसत होते, पण मधल्या साताठ सेंटिमीटरच्या पट्ट्यात तेवढी चकाकी होती. दोन्ही टोकांना रंगसुद्धा उडालेला नव्हता. खात्रीसाठी लायनरवर आडवा खडू घासला, ड्रम चढवला, कॅमने शू हलकेच टेकवून चाक दोनचार फेरे फिरवलं आणि ड्रम पुन्हा काढला. खडू मधोमध पुसला गेला होता, टोकांना जसाच्या तसा.

या जीपचा ड्रम ९ इंची, म्हणजे कोरा असताना २२८.६ मिमी. व्हर्नियरने मोजला तर २३० मिमीच्या आसपास भरला. साधारणपणे एवढ्या ड्रमला ०.०६० इंच, म्हणजे १.५ मिमी, खरडायची शेवटची मर्यादा मानतात. हे दोन्ही ड्रम त्या मर्यादेच्या जवळ आलेले. लायनर मात्र कोऱ्या ड्रमसाठी असतात तसेच, स्टँडर्ड जाडीचे. मोठ्या कढईत लहान वाटी ठेवावी तसा शू ड्रममध्ये फक्त मधोमध टेकत होता. त्रिज्येत ०.७ मिमीचा फरक. गणित केलं तर मध्य टेकलेला असताना लायनरच्या टोकांशी साधारण ०.३ मिमीची फट निघते, आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातला तर तेवढीच मिळाली. पेडल दाबलं की शू आधी मध्यावर टेकणार, आणि पुढचा सगळा जोर त्याला वाकवून ड्रमच्या गोलाईत बसवण्यात जाणार. पाय सोडला की तो परत उसळणार. पायाला हेच हवेसारखं लागत होतं.

लोकांना ०.३ मिमी क्षुल्लक वाटतं. हायड्रॉलिकमध्ये तसं नसतं. या जीपचे पुढचे व्हील सिलिंडर एक इंची, मागचे पाऊण इंची, मास्टर एक इंची. प्रत्येक सिलिंडरला दोन पिस्टन, म्हणजे चार चाकांचे आठ. प्रत्येक पिस्टनला अर्धा मिमी जादा सरकावं लागलं तर मास्टरचा पिस्टन ३ मिमीहून थोडा जास्त सरकतो. पेडलची फोड (तरफेचं प्रमाण) पाचास एक धरली की पायाखाली ती चाल १५ मिमीच्या वर जाते. आठ ठिकाणचा अर्धा अर्धा मिलिमीटर पायाखाली असा एकत्र येतो.

ड्रम काढलेला असतानाच खालच्या अँकर पिना पाहिल्या. या ब्रेकमध्ये शूचं वरचं टोक कॅमने सेट होतं, आणि खालचं टोक जिच्यावर बसतं ती पिनही मध्यापासून सरकलेली असते. ती फिरवली की शूचं खालचं टोक ड्रमच्या जवळ किंवा लांब जातं. पिनच्या टोकावर खूण असते. दोन्ही खुणा एकमेकींकडे तोंड करून ठेवल्या की ती सुरुवातीची जागा. रोजच्या सेटिंगला पिनांना हात लावायचा नाही, पण लायनर बदलले की लावायलाच हवा. इथे डाव्या चाकाची एक खूण वर, दुसरी कुठेतरी बाजूला. कोणीतरी लॉकनट सैल करून तसाच आवळला होता.

काय केलं

ड्रम आणखी खरडण्याचा प्रश्नच नव्हता. लायनरच्या दुकानात पुढचे चारही शू आणि दोन्ही ड्रम एकत्रच पाठवले. शू एकटे पाठवले की दुकानदार नेहमीचा स्टँडर्ड माल मारून देतो. त्याला सांगितलं: जाड लायनर मार, आणि शू मशीनवर धरून ड्रमच्या मापाला घासून दे, ड्रमपेक्षा अगदी थोडा कमी. पूर्ण तेवढाच व्यास ठेवला तर टोकं आधी टेकतात आणि ब्रेक पकडून धरतो. रिव्हेट लायनरच्या पृष्ठाच्या पुरेशा खाली आहेत ना, हे बोट फिरवून पाहिलं. परत आल्यावर पुन्हा खडू. या वेळी तो जवळजवळ टोकापासून टोकापर्यंत पुसला गेला.

अँकर पिना खुणा समोरासमोर आणून सुरुवातीच्या जागी घेतल्या आणि तिथून सेट केल्या. जीपच्या जुन्या मॅन्युअलमधलं माप खालच्या टोकाला ०.००५ इंच आणि वरच्या टोकाला ०.००८ इंच असं आहे. म्हणजे वर थोडं जास्त, खाली थोडं कमी. लॉकनट आवळताना पिन स्क्रूड्रायव्हरने धरून ठेवायची, नाहीतर शेवटच्या पिळात ती नटाबरोबर फिरते आणि सगळी मेहनत वाया. मग कॅम: चाक फिरवत शू टेकेपर्यंत नट फिरवायचा, आणि चाक जेमतेम मोकळं होईल एवढाच मागे घ्यायचा. एका वेळी एक शू, दुसऱ्याला तोवर हात लावायचा नाही. मागच्या चाकांचे कॅमही याच पद्धतीने घेतले. तिथले ड्रम खरडलेले नव्हते, लायनर नीट टेकत होते.

पुन्हा एकदा थोडं ब्लीडिंग केलं, कारण शू काढताना पिस्टन हलले होते. मग मोजलं. मोकळी चाल १३ मिमी, आणि पहिल्या दमात पेडल फ्लोअरपासून ९० मिमीवर घट्ट. दुसऱ्या दमात त्यात मोजण्यासारखा फरक नाही. मिनिटभर दाबून धरलं तरी जागेवर. कारंजी व्यवस्थित उडत होती.

पहिली चाचणी घाटात घ्यायची नाही, यावर मालकांशी थोडा वाद झाला. त्यांना लगेच खोकी न्यायची होती. आधी मैदानात, मग सुरूर रस्त्याला मोकळ्या पट्ट्यात ३० च्या वेगाने ब्रेक मारून पाहिले. गाडी किंचित डावीकडे ओढत होती. उजवे दोन कॅम जरासे पुढे घेतले, सरळ झाली. दहाबारा किलोमीटर फिरल्यावर चारही ड्रमना हाताचा मागचा भाग लावून पाहिला. सगळे कोमट, एकही चटका देणारा नाही. रॉड लांब केलेला असताना हे शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी रिकामी गाडी घाटात, आणि त्यानंतर भरलेली.

काहीशे किलोमीटर चालल्यावर लायनर पूर्ण बसले आणि पेडल किंचित खाली आलं. ते अपेक्षितच होतं. कॅम पुन्हा घेऊन ते ९० च्या जवळ आणलं.

मालकांनी नंतर विचारलं, ब्रेकला दोन वेगळ्या लाइनी करता येतात का. येतात. दुहेरी मास्टर बसवून पुढची आणि मागची लाइन वेगळी करणारे लोक आहेत, आणि घाटात रोज माल उतरवणाऱ्या गाडीसाठी तो खर्च मला योग्य वाटतो. एका लाइनीवर कुठलाही एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात, मागे उरतो तो प्रोपेलर शाफ्टवरचा हँडब्रेक. फक्त तो मास्टर ड्रम ब्रेकसाठीचा आहे ना, एवढं पाहून घ्यायचं. ड्रमच्या लाइनमध्ये पाय सोडल्यावरही थोडा दाब धरून ठेवणारी झडप लागते. डिस्कसाठीच्या मास्टरमध्ये ती नसते, आणि मग पिस्टनचे वॉशर ढिले पडून बाहेरची हवा आत ओढतात. हंगाम संपल्यावर करू, असं ते म्हणाले आहेत.

पुढचे दोन्ही ड्रम २३० मिमीला आले आहेत. पुन्हा लेथवर चढवायचे नाहीत, पुढच्या वेळी नवे ड्रम आणि त्यांच्यासोबत स्टँडर्ड लायनर. हे आम्ही गाडीच्या सर्व्हिसच्या वहीत लिहून दिलंय, शिवाय दोन्ही बॅकप्लेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने "जाड लायनर, ड्रम २३०" असं रंगवून ठेवलंय, कारण वही मालकांच्या घरी असते आणि चाक उघडणारा माणूस दुसराच असतो.